तारामाशाचा नवा हात

फार वर्षांपूर्वी एका खडकाळ किनाऱ्यावर दोन तारामासे भाऊ राहत होते. ओहोटी लागली तेव्हा धाकटा उंच खडकावर, तारामासे खातात तसं पोट तोंडाबाहेर काढून, कालव खात होता.

"पाणी उतरतंय, खाली चल!" थोरला ओरडला.

"दादा, तू नुसता भित्रा! एवढं संपवू दे."

शेवटी थोरलाच त्याला न्यायला वर चढला. तेवढ्यात फिरायला आलेल्या माणसांनी दोघांनाही खडकावरून उपटलं. धाकट्याचा हात तुटला आणि धाकटा निसटून पाण्यात पडला. थोरल्याला त्यांनी शोभेसाठी वाळूवर सुकत घातलं. भरती यायच्या आत तो गेला.

पुढे काही महिन्यांनी शेजारचा एक खेकडा धाकट्याला म्हणाला, "वा रे पठ्ठ्या, हात पुन्हा फुटला की!"

धाकट्याने तो कोवळा हात अंगाखाली दडवला.

"हळू बोल," तो म्हणाला. "पलीकडे आई आहे. तिचा थोरला काही पुन्हा यायचा नाही."