‘चला’ म्हणण्याचा मान

कोल्हापूरकडच्या एका डोंगराळ गावात केरबा पोवार नावाचा गडी राहत होता. डोंगर चढण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पावसाळा सरला की तो मंडळी गोळा करून गडावर न्यायचा. त्याचा एक नेम होता. आपण झपाझप पुढे जायचं, टप्प्यावर थांबायचं आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिथून हलायचं नाही. शेवटचा आला की केरबा पाठपिशवी उचलायचा आणि म्हणायचा, "आलासा? चला." आजवर त्याच्या मंडळींतलं एकही माणूस मागे राहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो ऐकणाऱ्याला जांभई येईपर्यंत सांगायचा.

गड पुरेनासे झाले तेव्हा केरबानं आफ्रिकेतला किलिमांजारो मनावर घेतला. कित्येक दिवसांची चढण, पायथ्याला जंगल आणि माथ्यावर बर्फ. मंडळी तयार झाली. त्यात केरबाचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान बापूसाहेब निकमही निघाले. वय झालं होतं, पण हौस दांडगी होती. निघण्याआधी अक्कानं भावाला बाजूला घेतलं.

"ह्यांस्नी मागं टाकून जाऊ नगंस."

"अक्का, माझ्या मंडळींत कोण मागं ऱ्हायलंय का आजवर?" केरबा म्हणाला.

आणि केरबा दिल्या शब्दाला जागला, असंच त्याला वाटत होतं. बाराका नावाचा तिथला वाटाड्या सर्वांत पुढे असे, त्याच्यामागे केरबा. दाजी सर्वांत शेवटी, सोबत बाराकाचा एक माणूस. टप्प्यावर पोहोचलं की मंडळी बसत, गूळ-शेंगदाणे खात, एकमेकांची थट्टा करत. तेवढ्यात दाजी वर येताना दिसत. केरबा उठे. "आलासा दाजी? चला."

दाजी चालू लागत. सासरवाडीच्या माणसांपुढे जावयानं दमलो म्हणायचं कसं? संध्याकाळी तंबूत बाराका प्रत्येकाला विचारी, डोकं दुखतंय का, जेवण जातंय का. दाजी हसून अंगठा वर करत. ताटातला भात मात्र तसाच राही. केरबानं तो पाहिला होता. थंडीनं भूक मेली असेल, असं स्वतःला सांगून त्यानं विषय सोडून दिला.

शेवटच्या चढाच्या दिवशी उजाडताच मंडळी निघाली. बाराकानं बजावलं होतं की दुपारनंतर वरती वारा उठतो आणि ढग वाट गिळतात. त्याआधी माथा गाठून परतायला हवं. पायाखाली नुसती सरकणारी खडी होती. एक पाऊल टाकावं तर अर्धं मागे येई. श्वास पुरत नव्हता. बोलणं तर कधीच बंद झालं होतं.

अशा चढावर केरबाच्या बुटाचा तळ उचकटला. "तुम्ही व्हा म्होरं," असं म्हणून तो खाली बसला. बोटं गारठलेली, तळ बांधायच्या दोरीला काही केल्या गाठ बसेना. तळ बांधून तो उठला तोवर मंडळी दूर गेली होती आणि दाजी व बाराकाचा माणूस त्याच्याजवळ येऊन पोहोचले होते.

आयुष्यात पहिल्यांदा केरबा सर्वांत शेवटी चालला. दाजी काठीवर अंग टाकत, थांबत, पुन्हा पाऊल उचलत. त्यांनी केरबाला "संभा" म्हणून हाक मारली. संभा हा दाजींचा थोरला मुलगा, आणि तो तर गावी होता. केरबानं चटकन त्यांचा दंड धरला.

वर एका खडकाच्या आडोशाला मंडळी बसलेली दिसली. तिथं पोचू, दाजींना बसवू, घोटभर गरम पाणी देऊ, एवढा एकच विचार धरून केरबा चढत राहिला. अखेर ते पोहोचले. दाजींनी काठी टेकली आणि बसायला गुडघे वाकवले.

तोच मंडळी उठली. सर्जेराव नावाच्या तालमीतल्या गड्यानं पिशवी पाठीला लावली आणि म्हणाला, "आलासा? चला. बसून बसून गारठलो."

दाजींचे अर्धे वाकलेले गुडघे पुन्हा सरळ झाले.

 ते शब्द केरबाचेच होते. आपण रोज विसावा घेऊन ताजे होऊन उठत होतो, आणि हा माणूस पहिल्या दिवसापासून बसलाच नाही, हे त्याला आत्ता दिसलं. अक्काला दिलेला शब्द त्यानं रोज पाळला होता आणि रोज मोडला होता.

बाराकानं दाजींच्या डोळ्यांत पाहिलं, उंचावरची विरळ हवा त्यांना बाधलीय हे ओळखलं आणि खाली उतरा म्हणून बोट दाखवलं. दाजींनी नकारार्थी मान हलवली. "मी कुटं दमलोय?" त्यांची जीभ जड झाली होती. बाटलीचं झाकण त्यांच्या बोटांना सापडत नव्हतं.

"मी दमलोय, दाजी," केरबा म्हणाला आणि खडीतच बसला. "बसा वाईच माझ्याजवळ."

"केरबादा, वारा सुटतोय. माथा ऱ्हाईल," सर्जेराव म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. आता दाजी चला म्हणतील तवा उठायचं. तोवर कुणी हलायचं न्हाई."

दाजी बसले. केरबानं त्यांना पाणी पाजलं. खालून ढग सरकत वर येत होते. बर्फाची कड हाकेच्या अंतरावर दिसत होती. दाजी तिच्याकडे पाहत राहिले आणि मंडळी दाजींकडे. हळूहळू त्यांची धाप कमी झाली.

"चला," दाजी म्हणाले.

सगळे उठले. दाजींनी मात्र काठी उतरणीकडे वळवली. "मला खाली न्या. माझ्यानं न्हाई व्हायचं. तुम्ही वर जावा."

एवढे दिवस गिळलेलं वाक्य त्यांनी एकदाचं सांगून टाकलं.

बाराकानं सर्जेरावला आणि बाकीच्यांना माथ्यावर नेलं. केरबा आणि बाराकाचा तो माणूस दाजींना दोन्ही बाजूंनी धरून उतरू लागले. केरबानं एकदाच मागे वळून पाहिलं, तेव्हा माथा ढगात गेला होता. त्याला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणा? पण खूप खाली उतरल्यावर दाजींनी त्याला "केरबा" म्हणून हाक मारली आणि भात मागितला. केरबा तोंड फिरवून रडला.

पुढे गडाच्या वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. केरबा अजूनही टप्प्यावर थांबतो. पण शेवटचा माणूस आला की कुणी पिशवीला हात लावत नाही. तो बसतो, पाणी पितो, आणि ‘चला’ म्हणण्याचा मान त्याचा असतो.

"आन त्यो बसूनच ऱ्हायला तर?" सर्जेरावनं एकदा विचारलं.

"तर आपुनबी बसायचं," केरबा म्हणाला.

तात्पर्य: मागच्यासाठी थांबणं म्हणजे तो येऊन पोहोचेपर्यंत थांबणं नव्हे, त्याचा दम परत येईपर्यंत थांबणं.