दवंडीतून गळलेला शब्द

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बातमी माणसाच्या पायांनी चालायची आणि हलगीच्या तालावर बोलायची.

एका गावात एक दवंडीवाला होता. हलगी त्याला बापाकडून मिळाली होती, आणि हलगीबरोबर एक नियमही. बाप म्हणाला होता, "डोळ्यांनी पाहिलंस तर 'आहे' म्हण. कानांनी ऐकलंस तर शेवटी 'म्हणे' लाव. एवढं पाळ, लोक तुझ्या शब्दावर डोळे मिटून चालतील."

मुलाने नियम पाळला, पण एक गोष्ट त्याला डाचत होती. "वाघ दिसला म्हणे," असं तो ओरडला, की बायका परत जात्याकडे वळायच्या, म्हातारे परत जांभया द्यायचे. केवढासा शब्द, पण जमलेली सगळी गर्दी घेऊन जायचा.

गावाच्या वेशीवर येसाक्का नावाची म्हातारी पाणपोई चालवायची. तिला ना मूल ना बाळ. वाटसरू पाणी पिऊन "आई, जीव थंड झाला" म्हणायचे. तेवढंच तिचं गणगोत.

एका उन्हाळ्यात पाणपोईपाशी एक वासरू कोसळलं आणि मेलं. दवंडीवाला पोचला तेव्हा वासराचा मालक, एक गुराखी, कपाळाला हात लावून बसला होता. "पाण्यातच काही असेल," तो पुटपुटला. एवढंच.

दवंडीवाल्याने चावडी गाठली. हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! पाणपोईच्या पाण्यात विष आहे!"

'म्हणे' त्याने गिळला.

बघता बघता चावडी भरली. लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला विष काळं झालं. तिसऱ्या खेपेला येसाक्का रांजणात बघून काहीतरी पुटपुटू लागली. इतकी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत आजवर कधी उभी राहिली नव्हती.

त्या दिवसापासून गावात संशयाचं पीक आलं. आडावर झाकणं पडली. जावा एकमेकींच्या कळशा हुंगू लागल्या. येसाक्काने सगळ्यांसमोर त्याच रांजणातलं तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं.

"आधीच उतारा घेतला असेल," एक जण हळूच म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आठव्या दिवशी दवंडीवाला गुराख्याच्या गोठ्यामागून चालला होता. तिथे कुंपणाला विषारी कण्हेर होती, आणि दुसरं वासरू तिचा पाला ओरबाडत होतं. तो हाकलायला धावला, पण उशीर झाला होता. थोड्याच वेळात वासराचे पाय लटपटले आणि ते तिथेच आडवं झालं. पाणपोई तिथून बरीच लांब होती, आणि पहिलं वासरूही याच गोठ्यातलं होतं.

दवंडीवाला धापा टाकत चावडीवर आला आणि हलगी बडवू लागला. "पाणी निर्मळ आहे! गोठ्यामागे वासरू कण्हेरीने मेलं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे!"

गर्दी जमली. मग पुढे उभी असलेली तेलीण गालात हसली.

"निर्मळ आहे म्हणे."

"डोळ्यांनी पाहिलं म्हणे," मागून कुणीतरी साथ दिली. "म्हातारीने काय पाजलं रे तुला?"

हशा पिकला आणि माणसं पांगली. त्याने गिळलेला शब्द गावाने त्याला परत केला होता.

तो वेशीकडे धावला. रांजण पालथा होता. येसाक्का डोक्यावर गाठोडं घेऊन निघाली होती. त्याने तिची वाट अडवली, पाय धरले. ती रागावली नाही.

"गुराखी काय म्हणाला ते तू ऐकलंस, लेकरा," ती म्हणाली. "गाव काय म्हणतं तेही ऐकलंस. येसाक्का काय म्हणते, एवढं एकदा विचारायचं होतंस."

आणि ती निघून गेली. ती कुठे गेली, कुणाला कळलं नाही.

पुढे दवंडीवाला स्वतः रोज रांजण भरू लागला. सकाळी पहिला तांब्या तो सगळ्यांदेखत स्वतः प्यायचा. परगावचे वाटसरू थांबायचे, पिऊन तृप्त व्हायचे. गावची माणसं मात्र कोरड्या घशाने त्याच्याकडे तिरपं बघत पुढे जायची.

तात्पर्य : ऐकलेलं जो पाहिलेलं म्हणून सांगतो, त्याने खरोखर पाहिलेलंही लोक ऐकीवच मानतात.