नांगराचं आजोळ

फार वर्षांमागे, काळ्या मातीच्या सपाट मुलखात तुळाजीच्या नांगराला एकच गोष्ट खुपायची: शिवारातली पाणथळ जागा नांगरायची राहिली होती.

"नुसती पडीक," तो फणकारला. "लव्हाळी, बगळे आणि चार बाभळी."

"ये की," पाणथळ शांतपणे म्हणाली.

नांगर घुसला. चिखलातल्या मुळीत फाळ अडकला आणि तुळाजीच्या मुठीतला नांगराचा दांडा, बाभळीचं रुमणं, मोडलं.

नव्या रुमण्यासाठी सुताराने सारं शिवार पालथं घातलं. नांगराने एकही बाभूळ ठेवली नव्हती. उरल्या होत्या त्या पाणथळीतल्या चार.

"ने एक फांदी," पाणथळ म्हणाली. "जुनं रुमणंही इथलंच होतं."

तेव्हापासून नांगर वळसा घालून जातो. कुणी पडीक म्हटलंच, तर म्हणतो, "जपून बोला. आजोळ आहे माझं."