कवडीच्या मानेवरचं औषध

"काय लावलंस तिला?"

अक्कांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. विश्वंभर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चुलीजवळ गोणपाटावर कवडी मांजरी पडली होती. तिचे कान फडफडत होते, मागचे पाय राहून राहून झटके देत होते, तोंडातून लाळ गळत होती.

"काही नाही. पाल खाल्ली असेल," तो म्हणाला.

अक्का कवडीजवळ खाली बसल्या.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात म्हाताऱ्या अक्का सगळ्यांच्या गुरू. विश्वंभर त्यांचा शिष्य, वाणी गोड, पाठांतर दांडगं. दर रविवारी त्याचं प्रवचन ऐकायला आसपासच्या गावांतून माणसं येत, आणि ती आपल्यासाठी येतात हे तो विसरत नसे.

पावसाळा सरता सरता मठात पिसवा झाल्या. प्रवचन ऐकता ऐकता माणसं पोटऱ्या खाजवू लागली. विश्वंभरला तो आपलाच अपमान वाटला. अक्कांनी त्याला सांगितलं होतं, सतरंज्या धुऊन उन्हात घाल, कानेकोपरे रोज झाड, कवडीला आणि खंड्या कुत्र्याला बारीक फणीनं विंचर. हे काम त्याला फार संथ वाटलं. आणि आपल्याला न शोभणारंही.

आज रविवार होता. मंडपात माणसं येऊन बसली होती.

अक्कांनी वाकून कवडीच्या मानेला नाक लावलं. औषधाचा उग्र वास आला. त्यांनी मान वर करून विश्वंभरकडे पाहिलं...

मग तो बोलला. तालुक्याहून आणलेलं पिसवांचं औषध होतं, सकाळी खंड्याच्या मानेवर सोडलं, उरलेलं हिच्या.

"औषधच आहे अक्का, विष नव्हे. खंड्याला काही झालंय का? तो बघा, अंगणात उड्या मारतोय."

"ही खंड्या नाही."

अक्कांनी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो त्याच्या हातात दिला. बाईंनी त्याला औषधाचं पाकीट आणून त्यावरचं सगळं वाचायला लावलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मांजरांवर वापरू नये. ती ओळ सकाळीही त्याच्या नजरेखालून गेली होती. कुत्रं काय नि मांजर काय, असं म्हणून तो पुढे गेला होता.

बाईंचा आवाज एकदम घाईचा झाला. त्या औषधातली एक गोष्ट कुत्र्याला सोसते, मांजराला सोसत नाही, मेंदूवर जाते. कोमट पाणी आणि भांड्यांचा पातळ साबण घेऊन मान धुवा, पाणी कढत नको. कोरडं करून कपड्यात गुंडाळा. तोंडात दूध, तूप, काही घालू नका. लगेच निघा.

विश्वंभरनं मंडपाकडे पाहिलं. माणसं वाट बघत होती.

"अक्का, मी त्यांना काय सांगू?"

"जे झालं ते."

तो मंडपात गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सापडेनात. माझ्या हातून मांजरीला चुकीचं औषध लागलं, मला तिला घेऊन जायचं आहे, एवढंच तो बोलला आणि खाली मान घालून परतला. त्याच्या मागे कुजबुज झाली. जीपवाला एक शेतकरी उठून त्याच्यामागे आला.

कवडीला अक्कांनी धरलं आणि त्यानं धुतलं. एका झटक्यात तिची नखं त्याच्या मनगटात रुतली. त्यानं हात मागे घेतला नाही.

वाटेत तिला आकडी आली. पंच्यात गुंडाळलेलं ते एवढंसं अंग त्याच्या मांडीवर ताठ झालं... सैल पडलं... पुन्हा ताठ झालं. शेजारी बसलेल्या अक्का पंचा सावरत राहिल्या.

दवाखान्यात बाईंनी सुई दिली, सलाइन लावलं. वाचेल असं आत्ता सांगता येणार नाही, म्हणाल्या. किती वेळापासून थरथरत होती, असं त्यांनी विचारलं तेव्हा विश्वंभरला पालीची थाप आठवली. ती मारली नसती तर ही थोडी आधी इथे पोचली असती.

बाहेरच्या बाकावर अक्का शांत बसल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी बसला.

"माझा हेतू वाईट नव्हता, अक्का."

"नसेल."

अक्कांनी त्याच्या मनगटावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं.

"पण तिच्या कातडीला तो कसा कळावा?"

कवडी जगली. आकड्या थांबल्या, मग ती उठून बसली, मग मासा मागू लागली. काही दिवसांनी ती मठात परतली. तिच्यासाठी डॉक्टरीणबाईंनी वजन करून मांजराचं वेगळं औषध दिलं होतं. अंगात ताकद आली की लावा, तोवर खंड्याच्या अंगावरचं औषध तिला लागू नये म्हणून त्याला तिच्यापासून दूर बांधा, असं बजावलं होतं.

विश्वंभर बदलला होता. त्यानं प्रवचन बंद केलं. सतरंज्या तोच धुवायचा, केर तोच काढायचा. पण कवडी दिसली की तो वाट बदलायचा.

एक दिवस बाईंनी फोनवर सांगितलं की आता औषध लावायला हरकत नाही. अक्कांनी विश्वंभरला ओसरीवर बोलावलं. कवडी त्यांच्या मांडीवर होती. शेजारी नवं पाकीट होतं.

त्यानं ते उचललं. एकदा वाचलं, उलटून पुन्हा वाचलं. मांजराचं चित्र पाहिलं, वजनाचा आकडा पाहिला. मग खाली ठेवलं.

"हे दुसऱ्या कुणाला सांगा, अक्का. मी आता कुठल्याच जिवाला हात लावणार नाही, असं ठरवलंय."

अक्कांनी कवडीला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. ती आखडून बसली. तिची नखं त्याच्या धोतरात अडकली. त्याचे हात हवेतच राहिले.





"मला भीती वाटते, अक्का..."

अक्कांनी पाकीट उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मग आता तूच लाव."