जनरली वेळेत

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. पुण्यात बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीचा तिसरा मजला, कोपऱ्यातली टेस्टिंगची खोली.

“कोणाला?” अत्तार सरांनी विचारलं.

“कोणाला म्हणजे?”

“फोन उशिरा गेला, असं आतल्या पानावर लिहिलंयस. कोणाला उशिरा गेला?”

“यूजर्सना, सर. काही यूजर्सना,” समाधान लवटे म्हणाला.

सरांनी कागद उचलले आणि परत त्याच्यापुढे ठेवले. सही केली नाही.

इस्माईल अत्तार सतरा वर्षं त्या कंपनीत टेस्टिंग बघत होते. त्यांच्या खोलीतली एक रीत साऱ्या मजल्याच्या चेष्टेचा विषय होती. सॉफ्टवेअरमधल्या चुकीला सगळीकडे नंबर देतात. इथे चुकीला माणसाचं नाव मिळे. ज्याला ती पहिल्यांदा नडली, त्याचं. ‘शेवंताबाईंची कालच मिटली, पण पाटणच्या मास्तरांची अजून उघडीच आहे,’ असं भर मीटिंगमध्ये बोललं जाई, आणि नवख्या माणसाला वाटे, इथे कुणाच्या तरी घरच्या भानगडी चालल्यात. नाव नसेल तर सर सही करत नसत. त्यांच्या सहीशिवाय रिपोर्ट बाहेर जात नसे.

आणि हा रिपोर्ट अकराच्या आत पाटबंधारे खात्याकडे जायला हवा होता.

धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना आपोआप फोन करणारी यंत्रणा या कंपनीने बनवली होती. आंबेखिंड धरणावर ती यंदाच बसवलेली. खात्याचा माणूस बटण दाबतो, यंत्रणा एक्केचाळीस गावांचे नंबर एकामागून एक फिरवते, आधी भरून ठेवलेला एका बाईचा आवाज इशारा देतो, आणि ऐकणाऱ्याने ‘समजलं’ म्हणून एक दाबायचं. रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा खरंखुरं पाणी सोडलं. आज दुपारी चारला पुन्हा सोडणार होते. यंत्रणा नीट चालली असं रिपोर्टने म्हटलं, तर चारला नुसते फोन जाणार. चालली नाही म्हटलं, तर खातं भोंग्याची जीप गावोगाव पाठवणार, आणि कंपनीच्या हातातोंडाशी आलेलं आणखी सहा धरणांचं काम बहुधा जाणार.

समाधानचा रिपोर्ट इंग्रजीत होता. सव्वादोन पानं, देखणी. पहिलं वाक्य ‘बाय अँड लार्ज’ने सुरू होत होतं. दुसऱ्यात इशारे ‘जनरली’ वेळेत पोचले होते. तिसऱ्यात ‘इन मोस्ट केसेस’ लोकांनी एक दाबून पोच दिली होती. आणि ‘ऑन द होल’ सगळं उत्तम होतं.

या शब्दांचा त्याला अभिमान होता, आणि तो उगीच नव्हता. सांगोल्याकडचा पोरगा, बारावीपर्यंत मराठीत शिकलेला. पहिल्या नोकरीत परदेशी गिऱ्हाइकासमोर तो सरळ म्हणाला होता, की आमचा प्रोग्रॅम बंद पडला. नंतर साहेबाने त्याला बाजूला घेऊन झाप झाप झापलं. असं नागडं बोलायचं नसतं, शब्दांना काही कपडे घालायचे असतात, म्हणाला. त्या दिवसापासून समाधानने वही केली. मेसमध्ये जेवताना तो ‘टिपिकली’ आणि ‘ॲज अ रूल’ पुटपुटत बसायचा, आणि समोरच्या पोरांना वाटायचं, हा जेवणाआधी श्लोक म्हणतोय. आज कंपनीतली निम्मी पोरं मेल पाठवण्याआधी त्याच्याकडून तपासून घेत. आणि हा म्हातारा त्याला विचारत होता, कोणाला?

“सर, यात खोटं काय आहे ते दाखवा,” तो म्हणाला. आवाज चढलाच.

“काहीच नाही.”

“मग?”

“खोटं असतं तर सही केली असती. खोटं आज ना उद्या पकडलं जातं. हे कधीच नाही.”

समाधानने घड्याळ पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून बसला.

“एक्केचाळीसपैकी किती गावांना वेळेत गेला?” सरांनी विचारलं.

“अडतीस.”

“मग अडतीस लिही.”

“अडतीस लिहिलं की लगेच विचारतात, उरलेली तीन कोणती.”

“आणि जनरली लिहिलं की?”

समाधान उत्तर द्यायला गेला...

“विचारत नाहीत,” तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. पण तो हटणाऱ्यातला नव्हता. शंभरात सात-आठ ठिकाणी उशीर होणं हे जगात कुठेही चालतं, असं तो म्हणाला. मालविका मॅडमनी कालच वाचून ‘सुंदर’ म्हटलंय, असंही म्हणाला. मालविका कर्णिक म्हणजे त्या प्रकल्पाच्या प्रमुख. शिवाय त्या तीन ठिकाणांहूनही एक दाबल्याची पोच आली होती, हे त्याने बोटाने दाखवलं. म्हणजे इशारा मिळाला. उशिरा का होईना, मिळाला.

“बरं,” सर म्हणाले. त्यांनी पेन झाकण लावून खिशात ठेवलं आणि टेबलावरचा फोन उचलून समाधानच्या पुढ्यात ठेवला. “वाचून दाखव.”

“तुम्हाला?”

“मला कशाला? सगळ्यात उशिरा ज्याला लागला, त्याला दाखव. बोरजाई वस्ती. नंबर तुझ्याच शेवटच्या पानावर आहे.”

“त्यांना इंग्रजी...”

“मराठीत वाच की. अवघड आहे का?”

समाधानने नंबर फिरवला. मुद्दामच फोनचा आवाज मोठा ठेवला. होऊन जाऊ दे एकदाचं. चौथ्या घंटीला एका बाईने उचलला. मागे कुणीतरी खराट्याने चिखल ओढत होतं.

त्याने नाव सांगितलं, कंपनी सांगितली. पलीकडची बाई म्हणाली, मी हौसाबाई ढेबे. मग समाधानने कागद हातात धरला आणि पहिल्या ओळीचं मराठी करायला घेतलं.

“रविवारी पाण्याचा जो फोन आला होता ना, ताई... तर एकंदरीत पाहता, बहुतेक सर्व ठिकाणी, सर्वसाधारणपणे...”

“कुठला फोन?” हौसाबाईंनी विचारलं. “पाण्यात आलता तो?”

समाधानने कागद खाली ठेवला.

मग बाई सांगत गेली. तक्रारीच्या सुरात नाही. झालेलं सांगावं तसं. धारा काढायची वेळ होती. सहा वाजले असतील. पाणी आधी गोठ्यात आलं, मग न्हाणीत, मग चुलीत. सासूला पाठीवर घेऊन त्या शाळेच्या पायऱ्या चढल्या. मालक गोठ्याकडे पळाले, पण तोवर पाणी छातीला लागलं होतं. दोन म्हशी दाव्याला तशाच राहिल्या. मग बऱ्याच वेळाने, कमरेइतक्या पाण्यातून पीठ आणायला त्या पुन्हा खाली उतरल्या असताना पदराला बांधलेला फोन वाजला. वाटलं, भाऊ असंल. तर एक बाई बोलत होती, गोड आवाजात. थोड्याच वेळात नदीचं पाणी वाढणार आहे, आपली जनावरं सोडून सुरक्षित जागी जा, समजलं असल्यास एक दाबा.

“मग?” समाधानने विचारलं.

“दाबलं की एक. एवढं सांगितल्यावर नको का दाबायला? समजलं तर व्हतंच.”

समाधानच्या समोर पोचेचा रकाना होता. बोरजाई वस्ती, सहा अडतीस, मिळाला, समजला. हिरव्या रंगात.

“दावं सोडायला किती वेळ लागतो, ताई?” हे त्याने का विचारलं, त्यालाही कळलं नाही.

“दोन म्हशीस्नी? कितीसा लागतोय.” मग आवाज बदलला. “सायेब, आज परत सोडणार हायेत म्हणं. खरं का?”

हे सांगायचा अधिकार समाधानला नव्हता. पाणी कधी सुटणार हे फक्त खात्याने सांगायचं, असं करारात पांढऱ्यावर काळं होतं. अशा वेळी काय म्हणायचं, हेही त्याला पाठ होतं. वहीत त्यासाठी एक आख्खं पान होतं.

त्याने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

“चार वाजता,” समाधान म्हणाला. “फोनची वाट बघू नका. दुपारीच निघा. शेजाऱ्यांनाही सांगा, आणि विचारलं तर माझं नाव सांगा. लवटे.”

“जनावरं?”

“आत्ता सोडा.”

फोन ठेवल्यावर त्याने नवा कागद घेतला. या खेपेला सव्वादोन पानं लागली नाहीत. अडतीस गावांना वेळेत. तीन वस्त्यांना उशिरा, बोरजाईला तर पाणी आल्यावर. तिन्हींची नावं, फोन लागल्याच्या वेळा. बोरजाईची पोच पाण्यात उभं राहून दिलेली असल्याने ती पोच धरू नये. आज चारला या यंत्रणेच्या भरवशावर पाणी सोडू नये, जीप पाठवावी. आणि चुकीला नाव, हौसाबाई ढेबे.

सरांनी वाचलं आणि सही केली.

दहा चाळीसला मालविका मॅडमचा फोन आला. मॅडम ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. आधी त्यांनी विचारलं, तुला बरं नाही का. मग सहा धरणांची आठवण दिली, त्यावर किती जणांचे पगार आहेत ते सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, की बाकी राहू दे हवं तर, पण सुरुवातीला ‘इन मोस्ट केसेस’ तेवढं घाल. तीन तर शब्द आहेत.

“नाही घालणार,” समाधान म्हणाला.

“मग मी घालते. रिपोर्ट कंपनीचा आहे, समाधान. तुझा नाही.”

“घाला मॅडम. पण मग खालचं माझं नाव काढा, आणि का काढलं तेही लिहा. खात्यातनं मला विचारायला आले तर मी असंच सांगणार आहे. नागडं.”

त्याने फोन ठेवला, आणि दहा बावन्नला रिपोर्ट होता तसा पाठवून दिला. मॅडमना प्रत लावली. नोकरी राहते की जाते, हे त्या क्षणी त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. पण आतून मोकळं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी आपल्याच तोंडाने बोलल्यासारखं.

सव्वाअकराला खात्यातून उत्तर आलं. दोनच ओळी. भोंग्याची जीप एक वाजता निघेल, तिन्ही वस्त्या आधी घेईल.

समाधानने ते सरांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता तरी म्हातारा पाठीवर हात ठेवील, असं त्याला वाटलं.

अत्तार सर एका जुन्या फायलीत बघत होते. धरण आणि खालची नदी यांचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला. शेजारी, यंत्रणेने कोणत्या क्रमाने फोन करायचे, ती छापील यादी ठेवली.

“धरणाखाली पहिली वस्ती कोणती?”

समाधानने नकाशावर बोट ठेवलं. “बोरजाई.”

“यादीत कितवी?”

समाधान यादीवरून बोट खाली खाली नेत गेला... ते कागदाच्या तळाशी थांबलं.

“एक्केचाळिसावी.” मग तो घाईने म्हणाला, “सर, मोठी गावं आधी लावलीयत. जास्त घरं, जास्त लोक. तशीच तर लावतात, टिपिक...”

तो थांबला.

सरांनी यादी उलटी केली. मागच्या बाजूला मंजुरीचा शिक्का होता, मार्चमधला.

“यावर चार सह्या आहेत,” ते म्हणाले. “रविवारपासून एकालाही कोणी विचारलेलं नाही... तिसरी माझी आहे.”