टिकल्याचा नाच

ही गोष्ट फार पूर्वीची नाही. रस्त्यावर मोटारी आणि हातात फोन आल्यानंतरचीच आहे. एका नगरात मोठं तळं होतं. तळ्याभोवती गुळगुळीत डांबरी रस्ता होता आणि त्या रस्त्यावर लोकांना हवा खायला फिरवणारा एक टांगेवाला होता. त्याच्या घोड्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून त्याचं नाव टिकल्या.

टांगेवाला वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगायला हवं. वाईट माणसाची गोष्ट ऐकायला सोपी जाते, कारण आपण त्यातले नाही असं प्रत्येकाला वाटतं. हा तर टिकल्याला रोज स्वतः खरारा करायचा, हरभऱ्याची चंदी भिजवून घालायचा, आपल्या ताटातली भाकरी मोडून द्यायचा. उन्हात टांगा उभा असला की डोक्याचा पटका ओला करून टिकल्याच्या मानेवर टाकायचा.

पुढे तळ्याकाठी बॅटरीवर चालणाऱ्या बग्ग्या आल्या. त्यांना रंगीत दिवे होते, गाणी होती, बसायला गुबगुबीत गाद्या होत्या. लोक तिकडे वळले. मग टांगेवाला मिळेल ती सवारी घेऊ लागला आणि भर दुपारीही टिकल्याला पळवू लागला. वैशाखात ते डांबर असं तापायचं की चप्पल चिकटावी. माणसाला निदान चप्पल असते. घोड्याच्या पायात लोखंडी नाल, आणि वरून टांग्यात बसलेली पाच-सहा माणसं.

एके सकाळी टिकल्या पुढचा डावा पाय नीट टेकवेना. टांगेवाल्यानं त्याला नालबंदाकडे नेलं. नालबंदानं पाय मांडीवर घेतला, खूर दाबून पाहिला, तसा टिकल्या थरथरला.

"आतून सुजलाय," नालबंद म्हणाला. "कठीण रस्त्याचे हादरे बसलेत. पावसाळाभर मातीवर मोकळा सोड, बरा होईल. असाच जुंपत राहिलास तर पाय कायमचा जाईल."

"आणि तोवर मी काय करू?"

"माझ्याकडे ये की! भाता ओढायला माणूस हवाच आहे मला. गावाबाहेर माझ्या भट्टीला लागूनच गवताचा तुकडा आहे, घोडा तिथं सोड."

सल्ला सोन्यासारखा होता. पण टांगेवाल्याच्या मनात आलं, बापजाद्यांनी टांगे हाकले आणि मी काय लोहाराचा भाता ओढू? बग्गीवाले हसतील. तोंडानं मात्र तो म्हणाला, "एका वरातीला शब्द दिलाय. तेवढी करतो, मग सोडतोच."

माणसाचं 'तेवढं एक' कधी एकावर थांबलंय?

वरातीच्या दिवशी नवऱ्याकडच्या हौशी मंडळींनी टिकल्याच्या पायांत घुंगरू बांधले, डोक्यावर तुरा खोवला. बँड सुरू झाला. टिकल्या निघाला. दुखरा पाय तो झटकन वर उचलायचा आणि हळूच टेकवायचा, त्यामुळे घुंगरू एकदा जोरात वाजायचे, एकदा हलके. छुन्नक छुन, छुन्नक छुन.

"अरे बघा, बघा! घोडा नाचतोय!" कोणीतरी ओरडलं. सगळ्या वरातीनं टाळ्यांचा ठेका धरला.

नवऱ्याचा मामा टांगेवाल्याजवळ आला. "काय हो, शिकवलंय वाटतं याला?"

त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, 'नाही मामा, त्याचा पाय दुखतोय.' शब्द जिभेवर आलेही होते. टांगेवाल्यानं टिकल्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "होय जी. मीच शिकवलंय."

दुसऱ्या दिवसापासून तळ्याकाठी नाचऱ्या घोड्याच्या टांग्यात बसायला झुंबड उडाली. बॅटरीच्या बग्ग्या रिकाम्या उभ्या राहू लागल्या. नवे, जाडजूड घुंगरू आले. सुजलेल्या पायाला ते काचू लागले, तेव्हा टांगेवाल्यानं बायकोला सांगितलं, "अगं, घुंगरांखाली बांधायला मखमलीची पट्टी शिवून दे. टिकल्या आता मोठा कलाकार झालाय." बायकोनं कौतुकानं लाल मखमल आणली, कडेला जर लावून पट्ट्या शिवून दिल्या. त्या दिवसापासून टिकल्याचे पाय धुण्याचं काम टांगेवाल्यानं कोणाला करू दिलं नाही. टिकल्याच्या चंदीत त्यानं गूळ घालायला सुरुवात केली. पण मखमल सोडताना तो नजर दुसरीकडे वळवायचा.

आणि लोक? लोकांना काहीच कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. रोज संध्याकाळी टांग्यातून फिरणारे एक चष्मेवाले गृहस्थ होते. शिकलेले, भल्या मनाचे. त्यांनी एकदा विचारलं, "काय हो, हा एकच पाय असा का उचलतो? दुखत तर नाही ना त्याचा?"

"छे हो साहेब! नाचाची तऱ्हा आहे ती."

"असं होय!" गृहस्थ म्हणाले आणि टेकून बसले. नंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तळ्यावरचा वारा छान होता. टांग्यातल्या बाया पोरांना दाखवायच्या, "बघ कसा ठुमकतोय!" घोड्याच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसलं तर म्हणायच्या, धूळ फार झालीय हल्ली. वेड घेऊन पेडगावला जाणारी माणसं थोडी नसतात, आणि टांग्यानं जायला मिळालं तर मग बघायलाच नको.

असा पावसाळा सरला आणि दसरा आला.

त्या नगरात टांगेवाल्यांची एक जुनी रीत होती. दसऱ्याच्या सकाळी घोड्याच्या अंगावरचं सगळं उतरवायचं. झापडं, लगाम, पट्टे, तुरा, काही ठेवायचं नाही. वर्षातून एक दिवस घोड्यानं नुसतं घोडा म्हणून उभं राहायचं. मग घरच्या लक्ष्मीनं त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि ओवाळायचं. म्हणजे यंदा मखमलीच्या पट्ट्याही सुटणार, हे टांगेवाल्याच्या ध्यानात आलं.

"यंदा घुंगरू राहू देत," तो बायकोला म्हणाला. "लोक नाच बघायलाच येणार आहेत."

"अहो, काहीतरीच काय! रोज आपल्यासाठी सजतो तो. आजचा दिवस त्याचा आहे."

अंगणात ही गर्दी जमली. नवऱ्याचा मामा आला होता, चष्मेवाले गृहस्थ आले होते, नालबंदही पाटावर बसला होता. बायको टिकल्याच्या पायाशी बसली. तिनं घुंगरू सोडले. मखमल सोडायला गेली तर ती सुटेना, कातड्याला चिकटली होती. तिनं कोमट पाणी घालून हळूहळू ती सोडवली आणि तिचा हात तिथंच थांबला. पाय दुप्पट सुजला होता आणि काचून काचून त्याची साल निघाली होती. तिच्या हातात तिनंच हौसेनं शिवलेली जरीची पट्टी होती.

मागच्या लोकांना हे दिसलं नाही. त्यांनी आपल्या उत्साहात ठेका धरला, "नाच, टिकल्या, नाच!"

टाळ्या ऐकून टिकल्या निघाला. अंगणात गोल फिरू लागला. आज घुंगरू नव्हते, बँड नव्हता. पाय तोच, तसाच वर उचललेला, तसाच घाबरत टेकवलेला. आणि त्या उघड्या अंगणात सगळ्यांना स्वच्छ दिसलं की घोडा लंगडतोय.

टाळ्या एकेक करून थांबल्या. नालबंद उठून कोणाकडे न बघता निघून गेला. बायकोनं टिकल्याच्या गळ्याला मिठी मारून त्याला थांबवलं.

मग लोकांना राग आला. लाज वाटली की माणसाला आधी रागच येतो. "लबाडा! मुक्या जनावराचा छळ केलास आणि आम्हाला फसवलंस!" मामा गरजला.

टांगेवाला खाली बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "मी पापी आहे," तो म्हणाला. "टिकल्यानं पाच महिने पाय उचलून मला सांगितलं आणि मी त्याच्या पायात घुंगरू बांधले. मला काय हवं ते बोला." मग त्यानं चष्मेवाल्या गृहस्थांकडे पाहिलं. "पण साहेब, तुम्ही विचारलं होतंत. मी खोटं बोललो, ते तुम्हाला खरंच पटलं होतं?"

गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळ्या अंगणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओवाळणीचं तबक तसंच राहिलं आणि लोक खाली बघत आपापल्या घरी गेले.

टिकल्या नालबंदाच्या गवतात गेला. जखम भरली, पण पाय वाकडा राहिला तो राहिलाच. उशीर झाला होता. टांगेवाला टांगा मोडून नालबंदाचा भाता ओढू लागला. नगरानं तळ्याकाठी 'प्राण्यांवर दया करा' असा फलक लावला. फलक लावला की आपलं निम्मं काम होतंच! तरी काही लोक खरोखर पस्तावले होते. ते सुटीच्या दिवशी गाजरं, गूळ घेऊन टिकल्याला भेटायला जायचे.

एकदा अशीच मंडळी आली होती. टिकल्या झाडाजवळ शांत उभा होता, अंग भरलं होतं, ऊन खात होता. त्याला असा सुखात पाहून सगळ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टिकल्यानं कान टवकारले. तोंडातलं गवत टाकलं. वाकडा पाय उचलला आणि तो त्या मऊ मातीत गोल गोल फिरू लागला.

टांगेवाला भाता टाकून धावत आला. त्यानं सगळ्यांपुढे हात जोडले. "नका हो वाजवू! कामाला बोलावलंय असं वाटतं त्याला!"

लोकांनी हात पाठीमागे लपवले. टिकल्या मात्र लगेच थांबला नाही. टाळ्या संपल्यावरही बराच वेळ तो नाचत होता आणि कोणाला मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

त्या नगरात आजही घोड्यासमोर कोणी टाळी वाजवत नाही.

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच: ज्याला बोलता येत नाही, त्याचा नाच आवडला तर टाळी वाजवण्याआधी त्याचा पाय बघा. आणि शंका आली, तर एकदा विचारून गप्प बसू नका.