राजानं बांधलेला समुद्र

एका राज्यात, सात खाड्यांच्या मधोमध, बेटावर वसलेलं एक नगर होतं. नगराला राजा होता आणि राजाला हाव होती. हाव जमिनीची. महाल झाले, बागा झाल्या, हत्तीखाने झाले, तरी बेट पुरेना. मग हेमध्वज राजाची नजर उथळ खाडीवर गेली. तिथं तिवरांचं रान होतं, चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत, कासवं अंडी घालायला वाळूवर येत, रोहित पक्ष्यांचे थवे उतरत. राजा म्हणाला, "ही जागा रिकामी आहे." ऐका! लाख जीव नांदत होते, आणि म्हणे रिकामी!

राजाच्या पदरी शाल्मल नावाचा मांत्रिक होता. त्यानं भारलेल्या तीन खुंट्या ठोकल्या. एक खाजणात म्हणजे तिवरांच्या दलदलीत, दुसरी कालवांच्या शिंपल्यांनी मढलेल्या खडकात, तिसरी खाडीच्या मधोमध. त्या पहाटे ओहोटी लागली ती परत फिरलीच नाही. तिसऱ्या खुंटीवर राजानं सिंहासन मांडलं, भोवती एका दिवसात राजवाडा उभा राहिला. मांत्रिकांच्या राज्यात याचं कुणाला नवल नव्हतं.

त्याच पहाटे कोळीवाड्यातल्या ठमाबाईचा नवरा, बुधा नाखवा, होडी घेऊन गेला होता. समुद्रानं जाताना त्याला बरोबर नेलं. होडीत पिण्याचं पाणी सात दिवसांचं, आणि आज आठवा दिवस उजाडला होता. ठमाबाई किनाऱ्यावर उभी राहून राजाच्या नावानं बोटं मोडत होती.

तेव्हा चिखलात उभा असलेला काळा बगळा बोलला. "बाई, अर्ध्या शिव्या राखून ठेव."

"कुणासाठी?"

"स्वतःसाठी. मंत्राला एकच वस्तू हवी होती. कोळणीनं आपल्या हातानं दिलेली, अंड्यांवरची चिंबोरी, खेकड्याची मादी. ती तू दिलीस."

ठमाबाईला ती चिंबोरी आठवली. कोळ्यांची रीत अशी की चिंबोरी हाती आली की उलटी करायची, पोटाखाली अंगठा फिरवायचा, अंडी लागली की पाण्यात सोडून द्यायची. तिच्या आजीच्या आजीनंही ती मोडली नव्हती. पण दहा दिवसांपूर्वी राजाचा कारभारी दारात येऊन गुरगुरला होता, "टोपली भरली नाही तर होडी मोडून जाळीन." टोपलीत एक कमी होती. शेवटच्या चिंबोरीखाली अंगठ्याला अंडी लागली होती, चांगली लागली होती. तरी रागाच्या भरात तिनं ती टोपलीत आपटली होती. "घे मेल्या, खा!"

"आता काय करू?" तिनं विचारलं.

"ज्या हातानं दिलंस, त्याच हातानं तिन्ही खुंट्या उपट. आज सूर्य बुडायच्या आत."

ठमाबाईनं चिखलावरची फळी काढली. एक गुडघा फळीवर टेकला, दुसऱ्या पायानं रेटत खाजणात शिरली. चिखल तडकत चालला होता. निवट्या डबक्याडबक्यात तोंड वासून पडल्या होत्या. तिला रडू आलं नाही, संताप आला. राजाचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. तिनं पहिली खुंटी दोन्ही हातांनी धरून उपटली.

कालवांच्या खडकावर दुसऱ्या खुंटीला एका अष्टपादानं विळखा घातला होता. त्याची कातडी दगडासारखी करडी होती.

"कोण आलं?"

"जिनं चूक केली ती."

"या नगरात हे कुणीच म्हणत नाही," अष्टपाद म्हणाला, लालभडक झाला आणि विळखा सोडून बाजूला सरला. कालवांच्या धारेनं तिचे तळहात फाटले, पण खुंटी निघाली.

तिसरी राजवाड्यात. ठमाबाई चिखलानं माखलेली, रक्ताळलेल्या हातांनी दरबारात शिरली.

"राजा, ऊठ. तुझ्या बुडाखाली खुंटी आहे."

"समुद्र मी जिंकला आहे," राजा म्हणाला.

"जिंकलास? तुला पोहता तरी येतं काय?"

मांत्रिक ओरडला, "धरा हिला!" शिपाई हलले नाहीत. आठ दिवसांत त्यांच्याही विहिरी आटल्या होत्या, घरात मासळीचा काटा नव्हता. राजानं सिंहासनाचे हात घट्ट धरले. "मी उठणार नाही."

"नको उठूस."

तिनं दारातून हाळी दिली. कोळीवाड्यातल्या बाया दोर आणि ओंडके घेऊन आल्या. होडी किनाऱ्यावर ओढतात तसा सिंहासनाला दोर बांधला, पुढं ओंडके टाकले आणि हैय्या करत राजासकट सिंहासन ओढलं. राजा बसूनच राहिला. त्याला वाटलं, बसून राहिलं की राज्य राहतं. ठमाबाईनं तिसरी खुंटी उपटली, तेव्हा सूर्याची कोर तेवढी उरली होती.

समुद्र आला. आरडाओरडा न करता, घरच्यासारखा आला. भिंती विरघळल्या, खांब वाळू झाले. पाण्याबरोबर कासवं आली, बोयट माशांच्या झुंडी आल्या, मांत्रिकाच्या पागोट्यावर खेकडे चढले. शिपायांनी राजाला काठीनं ओढून बाहेर काढलं. मुकुट खाडीतच राहिला आणि पुढं त्यात एका माशानं अंडी घातली. राजाला टेकडीवरच्या जुन्या वाड्यात नेलं. खाडीकडे पुन्हा त्यानं बोट दाखवलं नाही, कारण बोट नुसतं उचललं तरी त्याच्या नाकातोंडात पाणी जाई.

होडी भरतीवर आली. बुधा नाखवा तळाशी निजला होता, ओठ फुटलेले, पण डोळे उघडे. बायांनी त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. बोलता आलं तसं त्यानं विचारलं, "समुद्र कुणी घालवला होता?"

"राजानं!" सगळा कोळीवाडा एका सुरात ओरडला.

ठमाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "राजानं. आणि मी."

बुधानं तिचे फाटलेले हात पाहिले आणि आपल्या हातांत घेतले. तिचं माणूस जसं भरतीबरोबर घरी आलं, तशी तुमची आमची माणसंही आपापल्या किनाऱ्याला लागोत.